कौसावैनीचं पिवळं टमाटं

बायकोला सांगितलं न्हाई. ती शेवटच्या दुखन्यात व्हती तवा दोनदा तोंड उघडलं — आन् पानी पायजे का इचारून मिटून घेतलं. लेकाला सांगायचा सवालच न्हाई. नारायनगडाला दरसाल जातो, पायरीवर डोकं टेकतो, तिथं बी बोललो न्हाई. देवाला ठावंच हाय, त्याला नव्यानं काय सांगायचं, असं म्हनून उठतो आन् परसाद घेऊन घरी येतो. तुमी माझे कोन? कुनीच न्हाई. म्हनून तुमाला सांगायला जमंल असं वाटतंय. बघू.

गाव मला भला मानूस म्हनतो. कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई, म्हातारा बरा हाय, म्हनतेत. तुमी ते धरून चालू नका.

आमी माळी. बीडजवळच्या पाली गावाच्या खालच्या अंगाला, बिंदुसरा नदीच्या काठी देसमुखाची बाग व्हती, ती आमच्या घराकडं कसायला. मोगलाईतले दिवस. थोरला भाऊ पलेगात गेला आन् त्याची बायको घरात राहिली — माझी वैनी, कौसा. लेकरूबाळ न्हाई. हाडानं काटक, कामाला वाघ. बोलायची कमी, आन् हसली की पदर तोंडाला लावायची, जसं काय हसायची तिला परवानगी नव्हती. नव्हतीच म्हना. रांडव बाईला कोन देतं? हळदीकुंकवाला बलवनं न्हाई, बारशाला न्हाई. सप्त्याच्या पंगतीत सगळ्यात शेवटी बसायची आन् सगळ्यांच्या आधी उठायची.

मी तरनाताठा असताना काही सालं हैद्राबादेला एका बड्या मानसाच्या बागेत व्हतो. तिथला दरोगा — बागेवरचा मोठा मानूस — शिकलेला व्हता. त्याच्याकडून एक काम शिकलो. फुलाचं लगीन लावायचं. म्हंजे असं बघा, कळी उमलायच्या आदल्या सांजंला ती चिमट्यानं उकलायची, आतला नर काढून टाकायचा, वरून चिंधी गुंडाळायची. सकाळी दुसऱ्या झाडाच्या फुलातली धूळ आनून तिच्या तोंडाला लावायची. मग जे बी धरतं ते दोघांचं. त्यो दरोगा अजून बी कायतरी सांगायचा. म्हनायचा, पयल्या पिढीत एकाचाच रंग वर येतो, दुसऱ्याचा पोटात दडून बसतो आन् पुढल्या पिढीत बाहेर निघतो. मी तवा बिडी वळत बसलेला. अर्धं कानात गेलं, अर्धं वाऱ्यावर. अर्धं गेलं — हे ध्यानात ठिवा. मला कायच ठाव नव्हतं, असं मला म्हनता येत न्हाई.

बागेत टमाटं व्हतं. तवा त्याला इलायती वांगं म्हनायचे. बीडच्या सायबलोकांच्या खान्यासाठी देसमुख लावून घ्यायचा. आपल्यात कुनी खात नव्हतं. आता तुमाला हसू येईल, पन कापलं की आत मटनावानी दिसतं म्हनून माळकरी लोक त्याच्याकडं बघत बी नव्हते. माझी आई माळकरी. टमाट्याच्या पाट्या उचलून आलो की हात धुतल्याबिगर मला चुलीपशी येऊ देत नव्हती.

त्या लाल टमाट्यात एका साली एक झाड येगळंच निघालं. पान फिकं, अंग बारीक. मळ्यात येगळं दिसलं की उपटायचं, बी इटाळू द्यायचं न्हाई, ही आमची वाडवडलांची रीत. मी हात घातला बी व्हता. वैनी मागं तन काढत व्हती. म्हनली, राहू द्या भावजी, फळ तर धरलंय त्यानं. राहू दिलं. त्याला फळ आलं ते पिवळं. लिंबायेवढं. पिकलं तरी पिवळंच, लाल व्हायचं नाव न्हाई.

वैनीनं त्याचं बी राखंत घोळून एका गाडग्यात ठिवलं. दुसऱ्या साली कोपऱ्यात येगळं लावलं, सगळं पिवळं. तिसऱ्या साली बी पिवळं. एका दिसी तिनं ते चिरून, शेंगदान्याचा कूट घालून भाजी केली आन् आधी एकटीनं खाल्ली — म्हंजे मरायचं असलं तर आपुन मरू. मेली न्हाई. मग आईनं ताट पुढं केलं. माळकरी बाईनं! म्हनली, ह्यात रक्त कुठं दिसतंय, हे तर हळदीचं फळ. आईनं खाल्लं म्हनल्यावर आळीनं खाल्लं. मग सप्त्याचा कारभार बघनारे म्हातारे तात्या आले, त्यांनी वास घेतला, देवाचं नाव घेतलं, खाल्लं, आन् म्हनले की औंदा पंगतीच्या आमटीत हेच घाला, चिंच नको.

आन् लोक त्याला कौसाचं टमाटं म्हनायला लागले.

आता ऐका. इथून माझं सुरू व्हतं.

त्या साली सप्त्याच्या सैपाकाला तात्यांनी वैनीला बलवलं. भाज्या चिरायला. देवळाच्या मागं बाया बसलेल्या, त्यांच्या मधोमध ही. कुनीतरी तिला टमाटं कसं चिरायचं ते इचारत व्हतं आन् ती सांगत व्हती — पदर तोंडाला न लावता. मी सरपनाची मोळी टाकायला गेलतो. बघितलं. मला बरं वाटायला पायजे व्हतं ना? भावाची बायको. मला बरं वाटलं न्हाई. हैद्राबादेला जाऊन शिकून आलो मी, अन् नाव कुनाचं? तन काढनाऱ्या बाईचं. बाजारात मानसं मला इचारायची, कौसाचं टमाटं आनलं का? मी हसून हो म्हनायचो. घरी येऊन बैलाला इनाकारन मारायचो.

जळलो मी. दुसरा शबूद न्हाई त्याला.

मग डोक्यात आलं — पिवळं लिंबायेवढं, लाल मुठीयेवढं. दोघांचं लगीन लावलं तर मुठीयेवढं पिवळं निघंल. ते माझं. त्याला कौसाचं म्हनायची कुनाची छाती व्हनार न्हाई.

पन काम बारीक व्हतं, माझी बोटं जाड. वैनीचा हात हलका. तिला सांगितलं तर ती पयल्यांदाच अडली. म्हनली, लालाची धूळ? माळकऱ्यांच्या ताटात जायचं हाय ते, भावजी. मी म्हनलो, रंग पिवळाच राहतो, आकार तेवढा मोठा व्हतो, दरोग्यानं सांगितलंय. दरोग्यानं असं सांगितलं नव्हतं. तिनं इश्वास ठिवला. आन् मी तिच्याकडून नारायनगडाकडं तोंड करून शपत घेतली, की हे कुनाला सांगायचं न्हाई. लालाची भेसळ केली हे तात्यांच्या कानावर गेलं असतं तर पिवळ्याला बी कुनी शिवलं नसतं. तिनं हात जोडून शपत घेतली. मी घेतली न्हाई. कुनी मला घ्यायला लावली न्हाई.

रोज सांजंला ती कळ्या उकलायची, सकाळी धूळ लावायची. ऐन भरात असताना ती बाहेर बसली. तुमाला ठाव असंल, त्या दिवसांत बाईनं मळ्यात पाय ठिवायचा न्हाई, भाजीवर सावली बी पाडायची न्हाई. ती गोठ्याच्या कडंला बसली व्हती. मी गेलो, म्हनलो, चल. ती न्हाई म्हनली. मी परत गेलो. फुलं थांबत न्हाईत वैनी, उद्या वाळून जातील, साल वाया जाईल. ती म्हनली, पाप लागंल. मी म्हनलो, लागलं तर मला लागंल.

येवढा मोठा शबूद किती सहज गेला बघा तोंडातून.

ती आली. अंग चोरून, वळीच्या कडंकडंनं, सावली झाडावर पडू नये म्हनून उन्हाकडं तोंड करून काम करत राहिली. शेजारची अनसाबाई हिरीवर आलती. तिनं बघितलं. तवा काय बोलली न्हाई.

दुसऱ्या साली लावन आली तवा वैनी म्हनली, निम्मं जुनं लावू, गाडग्यात हाय. मी ऐकलं न्हाई. सगळी वळ नव्या बियाची लावली. झाडं काय आली म्हनता! पानं गर्द, खोड आंगठ्यायेवढं. फळं हिरवी असतानाच मुठीयेवढी. सप्ता तोंडावर आलेला, मानसं बघायला यायची, तात्या काठी टेकत येऊन गेले. मी वळीतून असा हिंडायचो की काय सांगू. वैनी मातर रोज पयाटे जाऊन एक-एक फळ उलटून बघायची. तिला काय वाटत व्हतं कोन जाने.

मग फळांना रंग चढला. लाल.

एक न्हाई, दोन न्हाई, सगळ्या वळीत लाल. मी पयलं फळ तोडलं, कापलं, आन् त्याच घडीला त्या दरोग्याचं बोलनं कानात आलं, सगळंच्या सगळं, जे अर्धं ऐकलं व्हतं ते बी. पयल्या पिढीत एकाचाच रंग वर येतो. मला कळलं. हे लाल माझं हाय, मी लावायला लावलेल्या धुळीचं हाय, हे मला त्या बांधावरच कळलं. नंतर कळलं, असं मी कुनाला सांगू शकत न्हाई.

सप्त्याला भाजी न्हाई. गाव देवळापुढं जमला. आधी कुजबूज, मग अनसाबाई बोलली. बोलली ते खोटं न्हाई बोलली. कौसा इटाळात मळ्यात व्हती, गेल्या साली, फुलांना हात लावत व्हती, मी ह्या डोळ्यांनी बघितलं. बस्स. सगळ्यांना सगळं उमगलं. लाल कावून झालं? हिच्या इटाळानं झालं. देवाच्या पंगतीचं बी तिनं बाटवलं. माझी आई तिथंच बसलेली, तिनं माळ हातात घेतली आन् तोंड फिरवलं.

तात्या तसा मानूस समजूतदार. लगेच निवाडा केला न्हाई त्यांनी. मला पुढं बलवलं. म्हनले, खरं बोल बे. बी तेच व्हतं का तू दुसरं काय घातलंस?

बघा, सरळ इचारलं व्हतं. ह्याच्याहून सरळ कुनी इचारू शकतं का? आन् इचारनारा मारनारा नव्हता. लई तर चार शिव्या बसल्या असत्या, देसमुखानं बाग काढून घेतली असती, हैद्राबादेला परत गेलो असतो. मी वैनीकडं बघितलं. ती खांबाला टेकून उभी. ती माझ्याकडंच बघत व्हती. मी तिला सोडवनार, ह्याची तिला खातरी व्हती. डोळ्यात भ्या नव्हतं, नुसती वाट बघत व्हती.

मी म्हनलो, "बी तेच व्हतं, तात्या. हात तिचा व्हता."

तिनं खांबावरचा हात काढला. खाली बघितलं. येवढंच.

तिला बोलता येत व्हतं की न्हाई? एक शबूद — भावजीनं लावायला लावलं. ती बोलली न्हाई. शपत घेतलेली ना. मी तिच्या शपतीच्या आडोशाला उभा व्हतो आन् ती आडोसा धरून उभी व्हती. लोकांनी आमच्या घरातल्या फळीवरून बियाचं गाडगं आनलं, जुनं, शुद्ध पिवळं बी, आन् बिंदुसरेत उपडं केलं. मी ते बी बघत उभा राहिलो.

तिला चकलांब्याला तिच्या भावाकडं धाडलं. बैलगाडी मीच जुपली. 

इथंच संपलं असतं तर बी पुरं व्हतं. पन टमाटं संपू देत न्हाई. ती लाल फळं बीडच्या सायबांना लई आवडली. देसमुखानं मला शाबासकी दिली, बागेचा सगळा कारभार माझ्या हातात दिला आन् त्याच फळांचं बी राखायला सांगितलं. ते पुढल्या साली लावलं. आन् त्या लाल झाडांत, मधी मधी, चार-पाच झाडांमागं एखादं, पिवळं निघालं.

त्यातली काही झाडं अशी की फळ मुठीयेवढं. पिवळंधम्मक. जे मला पायजे व्हतं तेच. ह्या हातांनी पैदा केलेलं, मराठवाड्यात कुनाकडं नसंल असं. आन् तेच माझ्या खोट्याचा सबूत! ते झाड गावापुढं नेऊन ठिवलं असतं, म्हनलो असतो, बघा, पिवळं कुठं गेलं नव्हतं, लालाच्या पोटात व्हतं, इटाळाचा काय संबंध न्हाई — तर लोकांना कळलं असतं. वैनी पंधरवड्यात घरी आली असती.

मी काय केलं? पयाटे उठून ती झाडं उपटली. फळं पायानं मातीत दाबली. दुसऱ्या दिसी अजून रंग आलेली दिसली, ती दाबली. माझ्या आयुष्यात मी एवढं चांगलं पीक कधी काढलं न्हाई, आन् कधी एवढं नीट गाडलं न्हाई.

दोन ठिवली. का ठिवली, ठाव न्हाई. धोतराच्या सोग्यात बांधली आन् चकलांब्याला गेलो. मनात पक्कं केलतं, तिच्या हातात देयाची, बाकी तिला कळंल. शानी व्हती.

ती भावाच्या घरामागं शेरडं राखत व्हती. वाळली व्हती. तिथं बी बोभाटा गेलेला. हिचा हात लागला की पीक बाटतं म्हनून भावजय तिला पापडाला हात लावू देत नव्हती, खळ्यात पाय ठिवू देत नव्हती. मला बघून तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. आईचं इचारलं, बैलांचं इचारलं. मी सांगत व्हतो आन् सोग्याच्या गाठीवर माझा हात व्हता. मग तिनं शेरडाचा दोर खुंट्याला बांधला.

म्हनली, "भावजी, एक इचारायचं व्हतं. ते माझ्याच हातानं झालं ना?"

तुमाला वाटलं असंल की तिला ठाव व्हतं आन् ती माझ्यासाठी गप व्हती. मला बी तसंच वाटत आलतं. इतके दिस मी त्याच्यावरच जगत व्हतो, की तिला तरी खरं ठाव हाय. तिला ठाव नव्हतं. मी रंग पिवळाच राहतो म्हनलो व्हतो ना, दरोग्याच्या नावानं? ते तिनं खरं धरलं व्हतं. मग लाल झालं ते कशानं? आपल्याच अंगानं. उन्हाकडं तोंड करून काम केलं तरी सावली कुठंतरी पडलीच असंल, असं तिनं मनाशी धरलं व्हतं. आन् ती मला इचारत व्हती, कारन शिकलेला मीच.

मी म्हनलो, "झालं ते झालं, वैनी. आता कावून उकरायचं."

तिनं मान हलवली. म्हनली, व्हय, खरं हाय. आन् मला ताक आनायला उठली. मग तिच्या ध्यानात आलं, तिला ताकाच्या गाडग्याला शिवता येत न्हाई. भावजयीला हाक मारली. भावजयीनं दिलं. मी प्यालो.

येताना सिंदफना नदीच्या वाळूत बसलो आन् ती दोन्ही टमाटी खाल्ली. गोड व्हती. अशी गोड मी पुन्हा खाल्ली न्हाई.

त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या उन्हाळ्यात ती गेली. निरोप आला तवा मी बागेत पानी देत व्हतो. दारं मोडून, पाट बांधून, मग गेलो. राख बी सावडून झालती.

आता मोगलाई गेली, देसमुखाची बाग गेली. तात्या गेले, अनसाबाई गेली. आता माळकरी सुदिक लाल टमाटं खातेत, सप्त्याच्या पंगतीत पाट्याच्या पाट्या लागतेत, कुनाला मटन आठवत न्हाई. ज्याच्यापायी ती गेली ते असं वाऱ्यावर उडून गेलं. तिचं नाव मातर ऱ्हायलंय. लोकांना कौसाचं टमाटं ठाव न्हाई, पन आमच्या आळीत पोरगी मोठी झाली की तिला सांगतेत — मळ्यात जाऊ नको त्या दिसांत, कौसावानी व्हईल. कौसा कोन, सांगनारीला ठाव नसतं.

घरामागं न्हानीचं पानी जातं तिथं दरसाल टमाट्याची झाडं आपोआप उगवतेत. कुनी लावत न्हाई. सगळी लाल. आन् एखाद्या साली, मधीच, एक पिवळं.

औंदा हाय. काल नात तिकडं निघाली व्हती, तोडायला. तिच्या आईनं घरातून हाक मारली, झाडांत जाऊ नको गं ह्या दिसांत, कौसावानी व्हईल. पोरगी तिथंच थांबली. माझ्याकडं बघून म्हनली, आजोबा, कौसानं काय केलतं?

मी वट्ट्यावर बसलेलो. म्हनलो, मला काय ठाव न्हाई, बाळा.

ती घरात गेल्यावर उठलो, काठी टेकत तिथं गेलो, आन् पिवळं फळ तोडून पायानं मातीत दाबलं.